मांजर उपास करत नाही

दशलक्षण पर्वात आमच्या घरी बायका मांजराच्या दर्शनाला येत होत्या.

"सोनीनं उपास धरलाय म्हणं?" असं विचारत शेजारच्या अक्का पहिल्यांदा आल्या. मग त्यांच्या सुना आल्या, मग गल्लीच्या टोकाच्या दोघी. कोठीच्या खोलीत पोत्यावर सोनी पाय अंगाखाली दुमडून, पाठ उंच करून बसलेली असायची. डोळे अर्धे मिटलेले. "ध्यानच लावलंय बघा," कुणीतरी म्हणालं. एकीनं हात जोडले. सासूबाईंनी तिच्या कानाशी वाकून णमोकार म्हटला. आणि महिला मंडळात शास्त्रवाचन करणारी मी सगळ्यांना कौतुकानं सांगत होते, की सप्तमीपासून तिनं तोंडाला काही लावलेलं नाही.

चतुर्दशीला मला कळलं की तो उपास नव्हता. पौर्णिमेला सोनी गेली.

हे लिहिण्याआधी मी बरेच दिवस गप्प होते, कारण घरातल्या माणसांना वाईट वाटेल. पण गेल्या चार-पाच वर्षांत अशाच तीन गोष्टी आमच्याच समाजातल्या तीन घरांत ऐकल्या. "गाईच्या वासरानं दूध सोडलं" असं मात्र कुठंच कौतुकानं ऐकलं नाही. आमच्या निपाणीकडं घरोघरी म्हशी आहेत. म्हशीनं वैरण टाकली, रवंथ थांबवला, तर सासरे रात्री दहा वाजता डॉक्टरांना फोन लावतात. तेव्हा कुणी म्हणतं का, की म्हशीनं उपास धरलाय? म्हशीचं दुखणं आम्हाला तिच्या शेणावरून, कानाच्या गारव्यावरून, सडाच्या सुजेवरून कळतं. कारण तिथं दूध आहे, डेअरीचं बिल आहे. कुत्र्यामांजराकडं आलं की आमची नजर जाते आणि नुसती दया उरते.

आता खरं ते सांगते. पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही सोनीला कोठीत कोंडलं होतं. मागच्या वखारीतला उंदीर तोंडात धरून ती पर्वाच्या दिवसांत अंगणात आलेली आम्हाला नको होती. वर्षाचे बाकीचे दिवस आम्ही ते न बघितल्यासारखं करायचो. ती घरातलं दूधभात खायची, सगळ्यांच्या लाडानं गुबगुबीत झालेली, आणि जे घरात मिळत नव्हतं ते बाहेरून आणायची. कोंडल्यावर दोन दिवस तिनं दूध चाटलं. मग तेही सोडलं. डॉक्टरांनी मला नंतर समजावलं ते असं: मांजराचं शरीर उपाशी राहायला घडलेलंच नाही. अन्न थांबलं की अंगातली चरबी सुटून यकृतात येऊन साठते, आणि एवढी चरबी मांजराच्या यकृताला पेलत नाही. जाड मांजराला हा धोका जास्त. मांजर दोन दिवस जेवलं नाही तर तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते. वेळेत आणलं, नळीनं अन्न पोटात गेलं, तर पुष्कळ मांजरं वाचतात.

आम्ही सात दिवस दर्शन घेतलं.

त्रयोदशीला माझ्या मुलीनं तिचे कान उजेडात धरून बघितले आणि म्हणाली, "आई, हिचे कान हळद लावल्यासारखे दिसतायत." तोवर मी रोज तिच्यासमोर बसत होते, पण कान बघितले नव्हते. दुसऱ्या दिवशी गाडी काढून कोल्हापूरला नेलं. घरातून एक वाक्य आलंच: "माणसाला दवाखान्यात न्यायला वेळ नाही, आणि मांजराला चालल्या." क्षमावणीच्या दिवशी मी गल्लीभर फिरून सगळ्यांची क्षमा मागितली. कोठीचं दार बंद होतं.

माझं भांडण कुणाच्या श्रद्धेशी नाही. उलट आपल्याच ग्रंथांचा मी आधार घेते. सल्लेखना कधी घ्यावी, हे समंतभद्रांनी रत्नकरंडश्रावकाचारात सांगितलं आहे. संकट, दुष्काळ, म्हातारपण, रोग, आणि तेही ज्यावर उपाय उरलेला नाही असं. उपाय उरलेला नाही हे उपाय करून बघितल्याशिवाय कसं कळणार? मला उत्तर मिळालं, "तिर्यंचही व्रत घेतात. महावीर सिंहाच्या भवात होते, तेव्हा त्यांनी घेतलं होतं." घेतलं होतं, मान्य. पण त्या सिंहाला मुनींनी उपदेश केला होता, कोठीत कोंडून दूधभात दिला नव्हता. जीवंधरानं मरत्या कुत्र्याला णमोकार ऐकवला, तो कुत्रा देव झाला, ही कथा आपण पाठशाळेत मुलांना सांगतो. मलाही ती फार आवडते. पण त्या कथेतला कुत्रा मार खाऊन मरणाला टेकलेला होता. आपल्या कोठीतलं मांजर मरत नव्हतं, आजारी होतं. या दोन गोष्टींत फरक करायला शिकणं हा सुद्धा धर्मच म्हणायचा की नाही?

आणि तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यात बांधून किंवा कोंडून ठेवणं आहे आणि अन्नपाणी तोडणं आहे. दोन्ही आम्ही केले. तेही पर्वात. हिंसेचं मूळ प्रमादात आहे, असं तोच अध्याय सांगतो. प्रमाद म्हणजे समोर असून न बघणं, असं मी तरी आता समजते.

तर काय बघायचं? मांजर दुखणं लपवतं, हे पहिलं. कुत्रा कण्हतो, लंगडतो, तुमच्या पायाशी येतो. मांजर कोपऱ्यात जातं. पाठ उंच करून, पाय खाली घेऊन, डोळे किलकिले करून, कान बाजूला पाडून बसलेलं मांजर बहुतेक वेळा वेदनेत असतं. आमचं "ध्यान" ते हेच होतं. मांजरानं अंग चाटायचं सोडलं, केस विस्कटलेले, चिकटलेले दिसू लागले, की काहीतरी बिघडलंय. झोपेत श्वास मोजा. छाती एकदा वर-खाली झाली की एक. मिनिटाला तीसच्या वर सतत जात असेल तर डॉक्टरांना सांगा. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल तर सांगत बसू नका, घेऊन निघा.

नाक ओलं की कोरडं, यावर आमच्याकडं फार विश्वास. त्यावरून काही कळत नाही. झोपून उठलेल्या धडधाकट कुत्र्याचंही नाक कोरडं असतं. हिरड्या बघा. ओठ वर करा, गुलाबी हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी मुळातच पांढरट असेल तर रक्त कमी आहे, पिवळी असेल तर कावीळ, निळसर असेल तर एक मिनिटही दवडू नका. बरी असतानाच आठवड्यातून एकदा बघून ठेवा, म्हणजे तिचा नेहमीचा रंग कुठला हे ठाऊक होतं. काही कुत्र्यांच्या हिरड्या जात्याच काळ्या असतात, तेव्हा खालच्या पापणीच्या आत बघायचं. ताप हात लावून ओळखू नका. कुत्र्यामांजराचं अंग आपल्याहून गरमच असतं, 101 ते 102.5 फॅरनहाइट हे त्यांचं साधं तापमान. थर्मामीटर शेपटीखाली लावावा लागतो. इथं बायका नाक मुरडतात. पोराला लावताना नाही मुरडलं.

माझ्या धाकट्या जावेचा मोत्या असाच हिरडीवरून वाचला. दोन दिवस मलूल होता, मग नाकातून रक्त आलं. घरच्यांना वाटलं दारावर आपटला असेल. तिनं ओठ वर करून बघितलं, हिरडी कागदासारखी. गोचीडताप निघाला. महिनाभर गोळ्या चालल्या आणि मोत्या उभा राहिला. डॉक्टरांनी अंगावर बघितलं तर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात गोचिडी. जाऊ रोज त्या काढायची, पण मारायची नाही. अलगद तुळशीमागच्या कुंडीत सोडायची.

इथं मला जरा जोरात बोलू द्या. रक्त पिऊन टम्म झालेली एक गोचीड मातीत गेली की काही हजार अंडी घालते. कुंडीत सोडलेली ती दया महिना-दीड महिन्यानं भिंतीच्या भेगांतून परत येते, आणि मोत्याच्या अंगावर चढते. मग शेकडो गोचिडी मारायची पाळी येते. त्यापेक्षा अंगावर चढूच नये म्हणून डॉक्टर देतात ते औषध वेळच्या वेळी लावणं, कुत्रा झोपतो ती जागा झाडून कोरडी ठेवणं, यात हिंसा कमी की जास्त, हिशेब तुम्हीच करा. आपल्या आचार्यांनी गृहस्थाच्या हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे चार भाग केले, ते उगीच नाहीत. संकल्पी सर्वस्वी सोडायची. चूल पेटवणाऱ्या, शेत नांगरणाऱ्या माणसाला बाकीची कमीत कमी करायची असते. जंताच्या औषधालाही हाच न्याय. 10 फेब्रुवारीला शाळेत आपल्या मुलांना जंताची गोळी मिळते, तेव्हा एकही आई "जंतांचा जीव जाईल" म्हणून मुलाला घरी ठेवत नाही. पिल्लाचं पोट मात्र मडक्यासारखं फुगतं, केस राठ होतात, आणि आम्ही म्हणतो, "बाळसं धरलंय!" पिल्लाला दोन आठवड्यांपासूनच जंताचं औषध लागतं. आणि त्याचे जंत अंगणात खेळणाऱ्या आपल्या पोरांच्या पोटात जाऊ शकतात.

(कांदा-लसणाचं मात्र आपलं बरं आहे. कुत्र्यामांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कांद्यालसणानं फुटतात. आपल्या स्वयंपाकघरात ते नसतं, म्हणून आपली जनावरं एका विषापासून आपोआप वाचली. पण शिऱ्यातले बेदाणे काढून ठेवा. बेदाण्यानं कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि प्रसाद म्हणून आपण तोच पहिला घास त्याला घालतो.)

यापुढचं लिहायला मला अवघड जातंय, कारण ते बायकांनीच बायकांना सांगण्यासारखं आहे. आमच्या ओळखीच्या एका घरी राणी नावाची पॉमेरियन होती. ती माजावर आली की तिला मागच्या पडवीत ठेवायचे. "बाजूला बसवली" हाच शब्द. घरातल्या सुनेला जसं बसवायचे तसं. माज संपल्यावरही महिनाभर कुणी तिच्याजवळ नीट बसलं नाही. ती पाणी फार पीत होती. उन्हाळा आहे, म्हणाले. खात नव्हती. उन्हाळा आहे. शेपटीखाली घाण वासाचं जात होतं, ते सासूनं बघितलं, सुनेनं बघितलं, पण दोघींनी पुरुषांसमोर तोंडातून काढलं नाही. गर्भाशयात पू झाला होता. नसबंदी न केलेल्या कुत्रीला माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत हे होतं, आणि वय वाढेल तसं जास्त होतं. कधी कधी बाहेर काहीच जात नाही, नुसतं पोट फुगतं, ते आणखी वाईट. शस्त्रक्रियेनं गर्भाशय काढला तर वाचते. राणीला नेलं तेव्हा ती उभी राहत नव्हती.

नसबंदीचं नाव काढलं की मला अतिचारांतला छेद ऐकवतात. अवयव कापणं हा दोष सांगितला आहे, खरं आहे. पण तो क्रूरपणानं, बेपर्वाईनं कापण्याचा. भूल देऊन, जीव वाचावा म्हणून डॉक्टर कापतात तेव्हा आपल्या गर्भाशयाच्या ऑपरेशनला कुणी छेद म्हणत नाही. तरीही धडधाकट जनावराला सुरी लावायला ज्यांचं मन घेत नाही, त्यांची अडचण मला कळते, मी त्यांना हसत नाही. त्यांनी एवढंच करावं: माज संपल्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी, आणि पुढं दोन महिने राणीचं पाणी, खाणं आणि शेपटीखालची जागा रोज बघावी. लाज बाजूला ठेवून घरात सांगावं. लाजेपायी आपल्यातल्या किती जणींनी अंगावरचं जाणं वर्षानुवर्षं अंगावरच काढलं, ते आठवा. उपासाच्या नावाखाली आमच्या आजेसासूंचं रक्त किती कमी झालं होतं, तेही कुणी मोजलं नव्हतं.

काही गोष्टी वादाच्या नाहीतच, त्या पटपट सांगते. लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या आणि घाण वासाची रक्ताची हगवण लागली तर पार्वो समजून त्याच दिवशी न्या. दही-भात घालत बसू नका. सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यापासून लसी सुरू करायच्या, एकीवर थांबायचं नाही. आपली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते. कुत्र्याच्या गोचिडीचं औषध मांजराला लावू नका. आणि कुत्र्याचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, गिळता येत नाही, तर "हाड अडकलं असंल" म्हणून तोंडात हात घालू नका. तो रेबीज असू शकतो. चावलं, ओरखडलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

आता दूधभाताचं. कुत्रा शाकाहारावर जगू शकतो, पण विचार करून, डॉक्टरांना विचारून. नुसत्या दूधपोळीवर नाही. मांजराचं तसं नाही. टॉरीन नावाचा एक घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळ्यांचा पडदा झिजून मांजर हळूहळू आंधळं होतं, आणि हृदय फुगून दुबळं होतं. हृदयाचं हे 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, तेव्हापासून मांजराच्या तयार खाद्यात टॉरीन घालतात. मोठ्या मांजराला दूध तर बहुधा पचतही नाही, पोट बिघडतं. आमच्याकडं "आमचं मांजर पक्कं जैन, उंदराकडं बघत नाही" असं अभिमानानं सांगणारी घरं आहेत. त्याला उंदीर दिसतो का, हे एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्या.

माझं मत कडू आहे, पण सांगते. ज्याच्या ताटात त्याचं अन्न घालायची आपली तयारी नाही, तो जीव आपण घरात आणू नये. गाय पाळा, ससा पाळा. दिल्लीच्या लाल मंदिरातल्या पक्ष्यांच्या रुग्णालयासारखं जखमी पारव्यांना औषधपाणी करा, पुण्यच आहे. मांजराला मांजर म्हणून ठेवता येत नसेल तर त्याला श्रावक करायला जाऊ नका. आणि आणलंच असेल, ते आता बारा वर्षं तुमच्या दारात राहणार असेल, तर मग ते काय खाईल याचा निर्णय तुम्हाला घ्यावाच लागेल. दूधभातानं तो टळत नाही. मीही सोनीच्या बाबतीत तो उंदरांवर ढकलला होता.

गेल्या वैशाखात रात्री अक्का दारात आल्या. सोनीच्या दर्शनाला पहिल्यांदा आलेल्या त्याच. त्यांचा बोका संध्याकाळपासून मातीच्या घमेल्यात जाऊन बसत होता, जोर करत होता, ओरडत होता. "संडासला साफ होईना वाटतंय. एरंडेल घालू काय गं?" मी घमेलं बघितलं. माती कोरडी होती. बोक्याची लघवी तुंबली की दीड-दोन दिवसांत तो मरतो, हे मला तोवर ठाऊक झालं होतं. एरंडेल कपाटात ठेवायला लावलं आणि गाडी काढली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली. तीन दिवस तिथं ठेवला आणि पुढं त्याला काय खायला घालायचं ते कागदावर लिहून दिलं. ओलं खाद्य, डब्यातलं. अक्कांनी कागद माझ्याकडून वाचून घेतला.

"हे कशाचं असतंय?"

"मासळीचं. नाहीतर कोंबडीचं."

कोगनोळीचा टोलनाका येईपर्यंत अक्का काही बोलल्या नाहीत. बोका मांडीवर टोपलीत झोपला होता. मग म्हणाल्या, "मागच्या पत्र्याच्या खोलीत याचं वेगळं भांडं ठेवते. घरात आणत नाही. मामंजींना तू सांग."

मी अजून सांगितलेलं नाही. भांडं मात्र त्या खोलीत आहे, मी बघून आले.